एक्केचाळीस चिंध्या

आटपाट नगरं अजून वसायची होती, राजे अजून जन्मायचे होते, तेव्हाची ही गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी. मोठ्यांनी तर ऐकावीच, कारण ती त्यांच्याचबद्दल आहे.

बोलणारे प्राणी या गोष्टीत नाहीत. कड्यावर एक वानर राहायचं, पण माणसंच इतकं बोलत होती की त्याला तोंड उघडायची गरज पडली नाही.

एक गाव होतं, उंच कड्याच्या माथ्यावर. कड्याच्या पोटाला आग्या माश्यांची मोठाली मोहोळं लटकलेली. त्या मधावर गावाचं सगळं चालायचं. बाळाच्या घुटीला मध, जखमेवर मध, पाहुण्याच्या ताटात मध. तो काढायचा तर कड्यावरून खाली उतरावं लागे, आणि उतरायला होती एक दोराची शिडी.

ही शिडी कुणाच्या मालकीची नव्हती. तिचे नऊ टप्पे होते आणि एकेका टप्प्याला बांबूच्या बारा पायऱ्या. दर साली जो टप्पा झिजेल तो काढायचा आणि नवा जोडायचा. नवा टप्पा कुणीही बांधून आणावा. या गावचा, त्या गावचा, नदीपलीकडचा, कुणीही. ज्याला हवं त्यानं शिडीनं उतरावं. ज्याला आवडेल त्यानं तिची नक्कल करून आपल्या कड्याला लावावी. कुणी अडवत नसे.

फक्त एक होतं. नवा टप्पा आधी गावच्या उंबराला टांगायचा. ज्याला त्यात खोट दिसेल त्यानं त्या जागी चिंधी बांधायची आणि खोट काय आहे ते बांधणाऱ्याला सांगायचं. खोट निघाली की ज्यानं चिंधी बांधली त्यानंच ती आपल्या हातानं सोडायची. शेवटी पारख्यानं म्हणायचं, ‘चालेल.’ आणि ज्यानं ‘चालेल’ म्हटलं, त्यानं त्या टप्प्याच्या बाराही पायऱ्यांवर आधी स्वतः उभं राहायचं.

शिडी ज्यांनी पहिल्यांदा बांधली त्यांचा हा रिवाज. ती माणसं शहाणी होती. ती मेली.

त्यांच्यामागं पारखी झाले दोघे. थोरला पारखी आणि धाकटा पारखी. थोरल्याला सगळे आबा म्हणत, धाकट्याला तात्या. दोघांनी तरुणपणी कडा गाजवला होता, यात खोटं काही नाही. आबांसारखा पीळ दोराला कुणी घातला नव्हता. पण वीस वर्षं झाली, दोघांपैकी एकानंही शिडीला पाय लावला नव्हता. आधी गुडघे दुखतात म्हणून पायऱ्यांवर उभं राहणं सुटलं. मग चिंधी सोडणं सुटलं, कारण वाकावं लागतं. मग खोट सांगणं सुटलं, कारण आपण सांगायचं कशाला, ज्याचं त्याला कळत नाही का? उरलं काय? चिंधी बांधणं. तेवढ्याला मात्र गुडघे लागत नव्हते.

तात्यांचं निराळंच. ते कुणाला दुखवत नसत. टप्पा उंबराला लागला की ते लांबूनच बघत, मान डोलवत आणि म्हणत, ‘वा, छान. चालेल.’ चुलीवर भात शिजत असताना म्हणत, झोपेतून उठून म्हणत. गाव म्हणे, तात्या किती सज्जन! कुणी हे म्हणालं नाही की तात्यांनी टप्पा पाहिलाच नाही.

आता त्या गावात एक मुलगी होती. अंबाडीचा वाख सोलणारी, त्याचे दोर वळणारी आणि शिडीवरून उतरणारीही. डावखुरी होती. तिचा बाप त्याच शिडीवरून गेला. दोर तुटून नव्हे. पायरी पायाखाली फिरली म्हणून. बांबू गोल, बांधलेला सैल, ओला पाय पडला की तो गर्रकन फिरे. बापाच्या आधीही दोघं तसेच गेले होते. गाव म्हणे, कड्यानं नेलं. मुलगी म्हणे, कड्यानं नाही, पायरीनं.

तिनं मनाशी ठरवलं, न फिरणारी पायरी बांधायची. दोन सालांत तिचे हात सोलून निघाले. शेवटी जमलं. बांबूच्या टोकांशी, जिथं सांधा असतो आणि आत भरीव असतं, तिथं उथळ खाच घ्यायची. खाचेत दुहेरी वेढा बसवायचा. आणि दोर डाव्या पिळाचा वळायचा, म्हणजे पायरीवर वजन पडलं की वेढा सैल न होता आणखी आवळतो. तिनं स्वतःच्या घराच्या आढ्याला अशी पायरी बांधली आणि तिच्यावर ओल्या पायांनी नाचली. पायरी हलली नाही.

तिनं पूर्ण टप्पा बांधला आणि उंबराला टांगला.

आबा आले. मागं त्यांची सात माणसं. ही माणसं कोण? काही नाही, आबा जिथं थुंकतील तिथं थुंकणारी. आबांनी पहिली पायरी हातात घेतली, दोर दोन बोटांत फिरवला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“हा पीळ डावा आहे.”

“हो आबा. मुद्दाम घेतलाय. त्याचं असं आहे…”

“मी विचारलं का कसं आहे ते?” आबांनी चिंधी बांधली. “या शिडीला आजवर उजवाच पीळ लागलाय. डाव्या हातानं जेवतेससुद्धा काय गं?”

मागची सात माणसं खी खी हसली.

“आबा, एकदा उभं राहून बघा. पायरी फिरत नाही. माझा बाप…”

“तुझा बाप उतरताना इकडंतिकडं बघायचा, म्हणून गेला. पायरीला बोल लावू नकोस.” दुसरी चिंधी. तिसरी. “काल जन्मली, आज शिडीला अक्कल शिकवायला निघाली.” बाराव्या पायरीपर्यंत बारा चिंध्या झाल्या. बाराही एकाच गोष्टीसाठी. “उजवा पीळ घेऊन ये. नाहीतर चुलीत घाल.”

मुलगी तात्यांकडे गेली. तात्या ओसरीवर पाय पसरून बसले होते.

“तात्या, तुम्ही तरी बघा ना.”

“बघितलं की. छान झालंय.”

“मग आबांना सांगा.”

“अगं, आबांचा स्वभावच तसा आहे. मनानं फार चांगले आहेत. तू उजवा पीळ घेऊन टाक, म्हणजे भांडण मिटेल. मी काय, चालेल म्हणेन.”

मनानं चांगले आहेत! हे वाक्य गावात म्हाताऱ्यांसाठी राखून ठेवलेलं असतं. तरुण पोरानं शिवी दिली तर तो उद्धट. म्हाताऱ्यानं दिली तर तो मनानं चांगला.

मुलगी घरी आली. बारा पायऱ्या सोडल्या, सगळा दोर उकलला आणि उजवा पीळ घालायला बसली. डावखुऱ्या हाताला उजवा पीळ घालणं म्हणजे स्वतःचंच मनगट पिरगळणं. पंधरा दिवस लागले. आणि मग खरी अडचण कळली. सांध्याजवळ बांबू फुगीर असतो. डाव्या पिळाचा वेढा तिथं आवळून बसायचा, उजव्या पिळाचा घसरून यायचा. काही पायऱ्यांवर तिनं कसाबसा बसवला. तीन पायऱ्यांवर बसेचना. तिथं तिला खाच सरकवावी लागली, सांध्यापासून दूर, मधल्या कांड्यावर. कांडं पोकळ असतं.

ती पुन्हा आबांकडे गेली. “आबा, उजव्या पिळानं खाच पोकळ भागावर येतेय. मला ते बरोबर वाटत नाही.”

“तुला काय वाटतं ते मी विचारलं नाही. टांग.”

तिनं टांगला. आणि चिंध्या सुरू झाल्या.

पीळ आता उजवा होता, पण दोराची शेपटं बोटभर लांब होती. चिंधी. वाख पिवळट होता, पांढरा हवा होता. चिंधी. गाठीचं तोंड आत होतं, बाहेर हवं होतं. ते तिनं बाहेर केलं, तर बाहेर का केलं म्हणून चिंधी. बांबूंवरच्या जुन्या बारा चिंध्याही तशाच होत्या, कारण त्या सोडायला कोण वाकणार? आबांच्या तेहेतीस झाल्या. मागच्या सात माणसांनी एकेक बांधली. आपण काय पाहिलं ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण आबांना दिसलं पाहिजे की आपणही बांधली. टप्पा असा दिसू लागला की जणू एखाद्या भुताला नवस केलाय.

मुलगी रोज उंबराखाली जायची, चिंध्या बघायची आणि परत यायची. आधी ती एकेक वाचल्यासारखी बघे. मग नुसत्या मोजू लागली. मग मोजणंही सोडलं.

त्याच दिवसांत नदीपलीकडून एक बाई आली. टोपल्या विणून विकायची. चार दिवसांनी एकदा या गावात फेरी असे. जन्मभर बांबूच हाताळलेला. तिनं उंबराला टांगलेला टप्पा पाहिला, डोक्यावरच्या टोपल्या खाली ठेवल्या आणि बघतच राहिली. साऱ्या दुपारभर तिनं तो टप्पा पाहिला. प्रत्येक पायरी अंगठ्यानं दाबली, नखानं टिचकी मारून आवाज ऐकला. चौथ्या पायरीशी ती थबकली. सातव्या आणि नवव्याशीही. मग तिनं पारावर बसलेल्या आबांना हाक मारली.

“आबा, ही खाच…”

“तू कोण गं?”

“मी टोपल्या विणते. बांबू वाळला की इथं…”

“टोपल्या विणतेस ना? मग आधी एक टोपली कड्यावर टांग आणि तिच्यात बसून दाखव. मग शिडीबद्दल बोल.”

सात माणसं हसली. एकानं तिच्या टोपलीला पायानं ढोसलं.

बाईनं टोपली सरळ केली. तिनं मुलीला शोधलं, पण मुलगी वाख आणायला लांब गेली होती. सूर्य कलला, नावाडी हाका मारू लागला. बाईनं आपल्या हळदी रंगाच्या लुगड्याची किनार फाडली आणि चौथ्या पायरीला बांधली. फाडायला तेवढीच किनार होती. मनात म्हणाली, पोर बघेल, विचारील ही पिवळी कुणाची, तेव्हा सांगेन.

मुलगी आली. तिनं पिवळी चिंधी पाहिली. म्हणाली, “ही एक्केचाळिसावी.” आणि शेपटं कापायला बसली.

इथं तिची चूक झाली. गोष्ट सांगताना ती लपवायची नाही. चाळीस वेळा जिला फुकट टोचलं, तिनं एक्केचाळिसाव्या वेळी मान वर करून पाहिलं नाही. पण ती मान खाली कुणी घातली, हेही विसरायचं नाही.

मध काढायचा दिवस आला. शिडीचा तिसरा टप्पा पार झिजला होता, त्याच्या जागी नवा लागणार होता. सगळा गाव कड्याच्या माथ्यावर जमला. आबांनी एक लांब सुस्कारा टाकून म्हटलं, “ठीक आहे. यापेक्षा बरं हिला जमायचं नाही.” तात्या म्हणाले, “छान, छान. चालेल.”

मुलीनं तात्यांकडे पाहिलं. “तात्या, ‘चालेल’ म्हटलं की पायऱ्यांवर उभं राहायचं असतं ना?”

तात्यांनी आबांकडे पाहिलं. आबांचा चेहरा तांबडा झाला.

“आमचे गुडघे काढतेस? तुझ्या वयाच्या दुप्पट वर्षं आम्ही या कड्यावर घालवलीत. उतरायचं असेल तर उतर. नसेल तर हा टप्पा आत्ताच जाळतो आणि जुन्या पायऱ्या लावतो.”

जुन्या पायऱ्या. बापाच्या पायाखाली फिरली ती पायरी. पुन्हा कुणाच्या तरी पायाखाली फिरेल. मुलीनं कंबरेला टोपली बांधली, माश्या पांगवायची धुराची पेंढी पाठीला लावली आणि म्हणाली, “उतरते.”

टप्पा जोडायची घाई झाली. चिंध्या सोडायला वेळ कुणाला? सातांपैकी एकानं कोयता घेतला आणि सगळ्या चिंध्या सपासप छाटल्या. ढीग पडला. शिडी कड्यावरून खाली गेली. तिच्यामागून मुलगी.

पहिला टप्पा उतरली. दुसरा उतरली. तिसऱ्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. पायरी फिरली नाही. दुसरीही नाही. तिसऱ्या पायरीवर तिनं हलकेच जोर देऊन पाहिलं. घट्ट. तिला हसू आलं. बापाची आठवण आली. खाली दरीत झाडं मुठीएवढी दिसत होती.

त्याच वेळी वर माथ्यावर टोपल्या विणणारी बाई धापा टाकत पोचली. फेरीचा दिवस नव्हता. मध काढायचा दिवस म्हणून मुद्दाम आली होती. तिनं चिंध्यांचा ढीग पाहिला. वाकून त्यातून पिवळी किनार उचलली.

“ही कुणी सोडली?”

कोयतेवाला मागं सरकला.

“मी बांधली होती. मी सोडलेली नाही. मग ही सुटली कशी? खाली कोण आहे? टप्पा कुठाय?”

“गप गं,” आबा म्हणाले. “काम चालू असताना कटकट नको.”

“चौथी पायरी पोकळ कांड्यावर कापलीय! चौथीवर पाय ठेवू देऊ नका! पोरी! ए पोरी!”

आबांनी हात उगारला. “गप बस म्हटलं ना!”

खालून आवाज आला. सुकी काटकी मोडावी तसा, पण मोठा.

चौथी पायरी गेली. मुलगी खाली घसरली, तिचा पाय सातव्या पायरीवर आदळला आणि तीही मोडली. तो पाय कड्याच्या दगडावर आपटला. कंबरेची टोपली सुटून गरगरत दरीत गेली. पेंढी मोहोळाजवळ पडली आणि माश्या उठल्या. मुलगी डाव्या हातानं एका दोराला लोंबकळत होती. डावखुरी होती म्हणून हात तगला.

वर सगळे ओरडू लागले. एक म्हणे वर ये, दुसरा म्हणे खाली जा, तिसरा देवाचं नाव घेई. तात्या म्हणत होते, “होईल, सगळं छान होईल.” आबा ओरडत होते, “घट्ट धर! तुला बांधायला सांगितलं होतं तसं घट्ट धर!”

टोपल्यावाली कड्याच्या कडेला पालथी पडली आणि तिनं डोकं खाली काढलं. मग मान वळवून आबांना म्हणाली, “म्हातारबाबा, तोंड बंद करा आणि शिडीचा डावा दोर धरा.”

आबांना असं कुणी कधी बोललं नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं. खालून एक बारीक किंकाळी आली. आबांनी तोंड मिटलं आणि दोर धरला.

“पोरी,” बाई म्हणाली. ती ओरडली नाही, पण तिचा शब्द न् शब्द खाली पोचला. “मी तुझा टप्पा पाहिलाय. बाराही पायऱ्या मला पाठ आहेत. मी सांगते तेवढंच कर. नवव्या पायरीवर पाय टेकू नको, तीही तशीच आहे. आठवी चांगली आहे. आठवी तुझ्या गुडघ्याशी आहे. ठेव.”

मुलीनं पाय ठेवला. पायरी हलली नाही.

“सहावी चांगली आहे. सांध्याला बांधलीस, सुरेख बांधलीस. हात घाल तिच्यात.”

“माश्या…” खालून आवाज आला.

“चावू दे. डोळे मीट. तुला बघायची गरज नाही, मी बघतेय. आता पाचवी. पाचवी चांगली. तिच्यावर उभी राहा.”

“दुसरा पाय चालत नाही मावशी.”

“एकाच पायानं राहा. आता चौथी नाही. तिथं मोकळं आहे. दोराला धरून वर यायचंय, एक हात. आबा, ओढा. आणखी. आणखी ओढा!”

आबा ओढत होते. दोर हातातून सरकत होता, तळव्यांची साल निघत होती. ते एक शब्द बोलले नाहीत. वीस वर्षांत पहिल्यांदा.

“तिसरी! आली तिसरी. आता सगळ्या चांगल्या आहेत. तूच बांधल्यास. ये.”

मुलगी वर आली. तोंड सुजून ओळखू येत नव्हतं, उजवा घोटा उलटा फिरला होता. बाईनं तिला मांडीवर घेतलं. माणसं भोवती जमली.

आता तरी आबा काहीतरी बरं बोलतील असं वाटतं ना? आबा म्हणाले, “तरी मी सांगत होतो, हिला जमायचं नाही.”

आणि तात्या म्हणाले, “जाऊ दे, जीव वाचला. छान झालं.”

मुलीनं सुजलेले डोळे उघडले. बाईच्या मुठीतली पिवळी किनार तिला दिसली.

“ही तुमची होती?”

“हो गं.”

“मी विचारलं नाही.”

“मीही थांबले नाही. नाव सुटत होती.”

मुलीनं ती किनार आपल्या हातात घेतली. मग आबांना म्हणाली, “ही शिडी कुणाच्या मालकीची नाही ना?”

“नाही.”

“मग मी हिची नक्कल बांधणार. नदीपलीकडच्या कड्याला. डाव्या पिळाची.”

“कोण उतरेल तुझ्या शिडीवरून?” आबा हसले. हातातून रक्त गळत होतं, तरी हसले.

कोण उतरलं ते ऐका. मुलीचा घोटा बरा झाला, पण सरळ झाला नाही. ती पुन्हा कड्यावरून उतरली नाही. तिनं आणि टोपल्यावालीनं नदीपलीकडं एक उंबर शोधला आणि पूर्वजांचा रिवाज जसाच्या तसा लावला. चिंधी बांधाल तर बांधणाऱ्यासमोर उभं राहून खोट सांगा. तुमची चिंधी तुम्हीच सोडा. ‘चालेल’ म्हणाल तर आधी चढा. आधी दोघं आले, मग दहा. दोन सालांत अलीकडच्या गावातले उतरणारे सगळे पलीकडं गेले. जुन्या उंबराखाली आबा उरले, आणि सात माणसं. पुढं सातही गेली, कारण थुंकायला आबांना कारणच मिळेना.

तात्याही आले एकदा पलीकडं. एका पोरानं बांधलेला टप्पा लांबूनच पाहिला आणि म्हणाले, “वा, छान. चालेल.”

टोपल्यावालीनं टांगलेल्या टप्प्याचं खालचं टोक त्यांच्यापुढं केलं. “चढा तात्या.”

तात्यांनी पहिल्या पायरीकडे पाहिलं. मग वाकून पाहिलं. मग डोळ्यांजवळ धरून पाहिलं. बऱ्याच वेळानं बारीक आवाजात म्हणाले, “ही गाठ जरा सैल दिसते गं.” जन्मात पहिल्यांदा त्यांनी कुणाचं काम पाहिलं होतं. पोरानं गाठ आवळली. तात्या चढले. बाराही पायऱ्या चढले.

आणि तिसऱ्या साली आबा आले.

खांद्यावर टप्पा होता. स्वतः बांधलेला. इतक्या वर्षांत पहिला. त्यांनी तो उंबराला टांगला आणि बाजूला उभे राहिले. बातमी पसरली, माणसं धावत आली. येताना प्रत्येकानं घरातून चिंध्या आणल्या. मुठी भरभरून आणल्या. कुणाच्या बापाला आबा हसले होते, कुणाच्या बहिणीचा टप्पा त्यांनी चुलीत घातला होता. सगळ्यांना आज बघायचं होतं.

मुलगी लंगडत पुढं आली. तिनं टप्पा बघायला सुरुवात केली. सकाळपासून ऊन डोक्यावर येईपर्यंत ती बघत होती. दोन बोटांत दोर फिरवला. आबांच्या कपाळावर घाम होता. त्यांना माहीत होतं आता काय ऐकायचं आहे, कारण ते सगळं त्यांनीच कधीतरी म्हटलेलं होतं.

मुलीनं एक चिंधी काढली आणि अकराव्या पायरीला बांधली. मग आबांसमोर येऊन उभी राहिली.

“इथं एक वेढा कमी पडलाय, आबा. वजन आलं तर सरकेल.”

आबांनी विचारलं, “आणि?”

“आणि काही नाही.”

“पीळ उजवा आहे.”

“हो. पीळ चांगला आहे. उजव्याला लागते तशी पायरीही तुम्ही जाड घेतलीय, भरीव. बसलाय.”

“एवढंच?”

“एवढंच. बसा, वेढा घालून टाका.”

माणसांच्या मुठीतल्या चिंध्या मुठीतच राहिल्या. आबा खाली बसले. गुडघे कडकडले. तळव्यावर जुन्या दोराचा व्रण होता. त्या हातानं त्यांनी वेढा घातला, आवळला आणि वर पाहिलं. मुलीनं वाकून आपली चिंधी सोडली. घोटा दुखत होता, तरी वाकली.

मग ती पायरीवर चढणार, एवढ्यात आबा हळूच म्हणाले, “तुझा तो पहिला टप्पा. डाव्या पिळाचा. तो चांगला होता.”

मुलीनं आपल्या वाकड्या पायाकडे पाहिलं. मग आबांकडे.

“तेव्हा सांगायचं होतं,” ती म्हणाली, आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

बोध एवढाच: दुसऱ्याचं काम नीट बघा आणि खोट कामाला सांगा, माणसाला नव्हे, कारण न बघता केलेली स्तुती आणि न बघता दिलेली शिवी, दोन्ही शेवटी खाली उतरणाऱ्याच्याच पायाखाली मोडतात.